डिझेलच्या बॅरलची डिप पट्टी घरीच केली, पण खुणा चुकतायत. कुठं चुकलो?

पोल्ट्रीवाला_विटा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

विट्याजवळ आमचं ब्रॉयलरचं शेड आहे. लाइट गेली की पंख्यांसाठी जनरेटर लावावा लागतो. त्याला डिझेल बाहेरच्या २०० लिटरच्या बॅरलमधून येतं. बॅरल लोखंडी घोडीवर आडवा ठेवलाय, एका तोंडाला खाली तोटी आणि वर पोटावर बरोबर मध्यभागी दोन इंची बूच. आत डिझेल किती उरलंय ते कळावं म्हणून मागच्या महिन्यात सागाची एक पट्टी केली. बॅरलचा आतला व्यास ५७ सेंटिमीटर भरला. पट्टीवर ५७ सेंमी मोजून चार सारखे भाग पाडले. पहिल्या खुणेला ५०, मग १००, १५०, २००.

परवा वळवानं आमच्या लायनीचे खांब पाडले. संध्याकाळी पट्टी घालून बघितली तर डिझेल अगदी पहिल्या खुणेवर. म्हणजे ५० लिटर. आमचा जनरेटर त्या लोडला तासाला तीनेक लिटर पितो. सहाला चालू केला, सकाळी दहापर्यंत काळजी नाही असा हिशोब करून तिथंच खाटेवर पडलो. पहाटे साडेपाचला आवाज थांबला आणि जाग आली. बॅरल संपलेला, वर डिझेलच्या लायनीत एअर धरलेली. कॅनमधलं डिझेल ओतून, फिल्टरचा बोल्ट सैल करून एअर काढेपर्यंत पाऊण तास गेला.

बॅरल कुठं गळत नाही. मी जवळच होतो, त्यामुळं कुणी काढून नेलं असंही नाही. मग पंधरा लिटर गेलं कुठं? पट्टी करायची खात्रीची पद्धत कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

कृष्णाकाठ_सांगली | सोमवार, रात्री ९:२२

आधी कोंबड्या कशा आहेत ते सांगा दादा.

पोल्ट्रीवाला_विटा | सोमवार, रात्री ९:२५

सगळ्या ठीक आहेत. पहाटेचा गारवा होता आणि पडदे लगेच वर केले, म्हणून निभावलं. हेच भर दुपारी झालं असतं तर शेड हाताला लागलं नसतं.

गणिताच्या_बाई_सातारा | सोमवार, रात्री ९:५८

तुमचं डिझेल कुठंही गेलेलं नाही. ते बॅरलमध्ये नव्हतंच.

बॅरल उभा असता तर तुमची पट्टी बरोबर ठरली असती. उभ्या बॅरलमध्ये प्रत्येक सेंटिमीटरला सारखंच तेल मावतं, ५७ सेंमी व्यासाला साधारण अडीच लिटर. आडव्या बॅरलचं तसं नाही. तळाला तो अरुंद असतो, मध्ये सगळ्यात रुंद आणि वर पुन्हा अरुंद. दहावीच्या भूमितीत वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढतात, तेच इथं लागतं. पाव उंचीला पाव तेल नसतं, १९.५५ टक्के असतं. २०० लिटर धरले तर ३९ लिटर. अर्ध्या उंचीला मात्र बरोबर अर्धं, आणि पाऊण उंचीला ८०.४५ टक्के. म्हणजे तुमची १०० ची खूण खरी आहे. ५० च्या खुणेला तेल कमी असतं आणि १५० च्या खुणेला जास्त.

आता तोटीचं बघा. ती तळापासून किती वर आहे?

पोल्ट्रीवाला_विटा | सोमवार, रात्री १०:०४

आत्ता बॅटरी घेऊन मोजून आलो. तोटीचं भोक तळापासून तीन सेंटिमीटरवर.

गणिताच्या_बाई_सातारा | सोमवार, रात्री १०:१५

मग तिच्याखाली चार लिटर कायमच राहणार. ३९ मधून ४ गेले, राहिले ३५. तासाला तीन लिटरनं साडेअकरा तास. संध्याकाळी सहा ते पहाटे साडेपाच. तुमच्या जनरेटरनंच गणित सोडवून दाखवलं की.

याच मापाच्या आडव्या बॅरलला, २०० लिटर धरून, तळापासूनच्या खुणा अशा येतात: २० लिटरला ८.९ सेंमी, ४० ला १४.५, ६० ला १९.४, ८० ला २४, १०० ला २८.५. तिथून पुढे तीच अंतरं उलट क्रमानं, म्हणजे १२० ला ३३, १४० ला ३७.६, १६० ला ४२.५, १८० ला ४८.१.

खालच्या २० लिटरला जवळजवळ नऊ सेंमी लागतात आणि मधल्या २० ला साडेचार. पट्टीवर खुणा मध्ये दाट आणि दोन्ही टोकांना विरळ दिसायला हव्यात. चारही भाग सारखे दिसत असतील तर ती पट्टी उभ्या बॅरलची.

कृष्णाकाठ_सांगली | सोमवार, रात्री १०:३१

बाई, हे आम्हा सांगलीकरांना न शिकवता कळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ ला धोका. नदी पात्रात असते तोवर एक फूट वाढलं तरी गल्ली कोरडी असते. पात्र सोडलं की तोच एक फूट कुठल्या कुठं पसरतो. फूट तेवढाच, पाणी किती तरी जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही रात्ररात्र तेच आकडे बघत बसलो होतो. पट्टी उंची सांगते. पाणी किती ते ज्याला पात्र माहीत आहे त्यालाच कळतं.

मिस्त्री_इस्लामपूर | मंगळवार, सकाळी ६:५०

बाईंचं गणित बिनचूक आहे, पण नुसत्या गणितावर पट्टी करू नका. बॅरलला रिंगा असतात, कुठं पोचा असतो, दोन्ही झाकणं थोडी आत बसलेली असतात. ट्रॅक्टरच्या टाकीचं तर विचारूच नका, एका बाजूला खोल, दुसरीकडं उथळ, मध्ये पडदा. तिला कुठलंच सूत्र लागत नाही.

माझी पद्धत. टाकी तोटीनं बंद पडेपर्यंत रिकामी करायची. पट्टी घालायची, जिथं भिजली तिथं शून्य. मग मापानं दहा लिटर ओतायचं, दोन मिनिटं थांबायचं, पट्टी घालून खूण. परत दहा. भरेपर्यंत हेच. तासभर जातो, पण ती पट्टी त्या टाकीची होते. दुसऱ्या टाकीला ती चालत नाही, म्हणून पट्टीवर टाकीचं नाव कोरून ठेवा. आमच्या गॅरेजात चार पट्ट्या टांगल्यात, चार गाड्यांच्या.

माणदेशी_गडी | मंगळवार, सकाळी ७:१५

मिस्त्री म्हणत्यात त्येच खरं. आमच्या आज्यानं इंजनाच्या टाकीला बांबूची कांबी केली हुती, तांब्यानं मोजून खुणा. शाळेचं तोंड न्हवतं बगितलं त्यानं, पर खुणा बरुबर मधी दाट न कडंला पातळ. मला वाटायचं म्हाताऱ्याचा हात चुकला. आज बाईंचं वाचलं न कळलं, चुकला न्हवता.

गणिताच्या_बाई_सातारा | मंगळवार, सकाळी ७:४०

हे वाचून फार बरं वाटलं. ती कांबी अजून असेल तर जपून ठेवा, फोटो मिळाला तर मी वर्गात दाखवेन. आणि मिस्त्रींशी सहमत. ओतून घातलेल्या खुणा खऱ्या, माझे आकडे नुसत्या पडताळणीला.

आटपाडीकर | मंगळवार, सकाळी ८:०५

टाकी एवढी रिकामी करून डिझेल ओतत कशाला बसायचं? पाणी ओतून खुणा करा. पाण्याचा लिटर आणि डिझेलचा लिटर सारखाच जागा घेतो. फुकटात काम होतं.

मिस्त्री_इस्लामपूर | मंगळवार, सकाळी ८:२०

जागा सारखीच घेतो, पण ते पाणी परत पूर्ण बाहेर कसं काढणार? वर बाईंनी सांगितलं ना, तोटीखाली चार लिटर राहतंच. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं पाणी तळाला बसणार, पत्रा गंजणार, आणि एक दिवस तोटीतून पंपात जाणार. नोझल आणि पंपाचं काम निघालं की तुमच्या त्या फुकट पाण्याची किंमत कळेल. नव्या कोऱ्या टाकीतसुद्धा मी पाणी घालू देत नाही.

आटपाडीकर | मंगळवार, सकाळी ८:२६

हे ध्यानात आलं नव्हतं. सूचना मागे.

पंपावरचा_कराड | मंगळवार, सकाळी १०:४५

पेट्रोल पंपावर आमचं रोजचं काम हेच, म्हणून लिहितो. जमिनीखालच्या आमच्या टाक्याही आडव्या नळकांड्याच असतात. रोज सकाळी डिप रॉड सोडून डिप घ्यायचा आणि टाकीच्या डिप चार्टवर किती सेंटिमीटरला किती लिटर ते बघायचं. रॉडवर लिटर लिहिलेले नसतात, सेंटिमीटरच असतात. लिटर चार्टवर, आणि चार्ट टाकीगणिक वेगळा. आता मशीनवर आपोआप पातळी दिसते, तरी रॉड कुणी फेकून दिलेला नाही.

पोल्ट्रीवाल्या दादांनीही असंच करावं असं मला वाटतं. पट्टीवर सेंटिमीटर कोरायचे आणि लिटरचा तक्ता शेडच्या भिंतीला चिकटवायचा. बॅरल बदलला तर नुसता तक्ता बदलायचा, पट्टी तीच.

थोडं हाताच्या सवयीचं. पट्टी उभी सरळ सोडायची, तिरकी गेली की जास्त दाखवते. तळाला हलकेच टेकवायची, आपटायची नाही. एकदा घालून काढायची, कोरडी पुसायची, परत घालायची, दोन्ही वेळा सारखंच आलं तर खरं. भरून झाल्यावर लगेच डिप घेऊ नये, तेल निवांत होऊ द्यावं.

पाण्याची शंका असेल तर आम्ही रॉडच्या टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावतो. पाणी लागलं तेवढ्या भागात तिचा रंग बदलतो. घरी पेस्ट नसेल तर तोटीतून आधी काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा, तळाला पाण्याचे मणी लगेच दिसतात.

कृष्णाकाठ_सांगली | मंगळवार, सकाळी ११:१०

महापुरानंतर आमच्या भावकीत एकानं बुडालेला बॅरल तसाच वापरला. बूच घट्ट होतं, पाणी गेलं नसेल असं त्याला वाटलं. गेलं होतं. बाटलीत काढून बघितलं असतं तर पाच मिनिटांत समजलं असतं.

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, दुपारी १:३०

मला डिझेलचा काही अनुभव नाही. मी मिरजेत सतारीच्या कामात आहे. पण वरच्या विरळ-दाट खुणा वाचून हात थांबला. सतारीचे पडदेही सारख्या अंतरावर नसतात, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीकडं सरकत जावं तसे जवळजवळ येतात. फूटपट्टीनं सारखे भाग करून पडदे बांधले तर एकही सूर लागणार नाही. आम्ही तिथं कान लावतो, तुम्ही दहा लिटरचं माप लावता.

एक सुचवतो. लाकडाऐवजी पितळेची पट्टी घ्या. गंजत नाही, तिकोनी कानशीनं खाच सुबक पडते आणि लोखंडावर घासली तरी ठिणगी पडत नाही.

मिस्त्री_इस्लामपूर | मंगळवार, दुपारी २:१५

पितळ चांगलंच, पण महाग. मी ॲल्युमिनियमची जाड पट्टी वापरतो. लाकडाचा दोष असा की ते तेल ओढतं. डिझेल रेषांतून वर चढतं आणि पट्टी अर्धा-पाऊण सेंमी जास्त दाखवते. नवीन सागावर कमी, जुन्या भेगाळलेल्या लाकडावर जास्त. धातूचा दोष उलटा. नवी चकचकीत पट्टी असेल तर डिझेल कुठवर आलं तेच दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे पॉलिश पेपरनं पट्टी मंद करून घ्यायची आणि घालण्याआधी अंदाजानं त्या भागावर शाळेचा खडू घासायचा. भिजलेला खडू लगेच काळपट दिसतो. खडू अगदी पातळ हवा, पावडर टाकीत पडता कामा नये.

मार्करनं आकडे लिहू नका, डिझेल शाई धुऊन टाकतं. खाचच पाडा. पुसायला धागे सुटणारा कापूस घेऊ नका, तेच धागे फिल्टरमध्ये जाऊन बसतात. आणि वरच्या टोकाला आडवी खिट्टी नक्की लावा, नाहीतर पट्टी एक दिवस बुचातून आत जाईल आणि मग बॅरल उलटा करावा लागेल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एक: टाकीच्या तोंडात जाळी असते, ती काढून मगच पट्टी घाला. पट्टी जाळीवर टेकते आणि टाकी आहे त्यापेक्षा रिकामी वाटते.

पसरणीचा_वळण | मंगळवार, सायंकाळी ५:४०

वाईहून पाचगणीला माल चढवतो. पसरणी घाटात चढाला काटा एक सांगतो आणि वर सपाटीला दुसरं. टाकी कलली की तेल एका बाजूला जातं, मग काटा असो की पट्टी. म्हणून मी डिप नेहमी एकाच जागी घेतो, घरासमोरच्या फरशीवर.

दादांची घोडी तोटीकडं थोडी उतरती असेल ना? सगळे तशीच ठेवतात.

पोल्ट्रीवाला_विटा | मंगळवार, सायंकाळी ६:०५

हो, तोटीच्या बाजूला दोनेक सेंमी उतार दिलाय. त्यानं पण चुकणार का?

गणिताच्या_बाई_सातारा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

तुमचं बूच बरोबर मध्यभागी आहे, म्हणून फारसं नाही. उतारानं एका टोकाला तेल जेवढं वर जातं तेवढंच दुसऱ्या टोकाला खाली येतं, मध्ये जवळजवळ तेच राहतं. बूच टोकाला असतं तर सेंटिमीटरभराचा फरक पडला असता. आणि खुणा ओतून केल्यात तर उतारही आपोआप त्यात धरला जातो. फक्त त्यानंतर घोडी हलवू नका.

जुना_बुलेटवाला | मंगळवार, रात्री ८:२०

एवढी उठाठेव कशाला? बॅरलला बाहेरून पारदर्शक नळी लावा, तेल किती ते दिवसरात्र दिसतं. माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत मी वर्षानुवर्षं प्लॅस्टिकची फूटपट्टी घालतोय, काही झालं नाही.

मिस्त्री_इस्लामपूर | मंगळवार, रात्री ८:४५

नळीला ऊन लागतं, दोन उन्हाळ्यांत ती कडक होऊन तडकते, आणि एकदा तुटली की नळीच्या तोंडापर्यंतचं सगळं डिझेल जमिनीवर. लावायचीच असेल तर बुडाशी कॉक हवा, बघण्यापुरता उघडायचा आणि लगेच बंद करायचा.

फूटपट्टीचं मात्र काका, हात जोडून सांगतो, सोडून द्या. पेट्रोलची वाफ साध्या गारव्यातही पेट घेते. प्लॅस्टिक कोरड्या फडक्यानं पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते, आणि टाकीच्या तोंडाशी तिची बारीकशी ठिणगीसुद्धा पुरते. शिवाय काही प्लॅस्टिक पेट्रोलमध्ये मऊ पडतात, काहींना तडे जातात.

पंपावरचा_कराड | मंगळवार, रात्री ९:००

मिस्त्रींना जोड. डिझेल पेट घेत नाही असं बरेच जण समजतात. आपल्याकडं डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश असावा असा मानक आहे. विट्याच्या उन्हाळ्यात लोखंडी बॅरल त्याच्या वर सहज तापतो. डिप घेताना तोंडात विडी नको, उजेडाला काडी नको, बॅटरीच घ्या.

आणि कुणी वापरलेल्या बॅरलला बूच किंवा तोटी बसवून घेणार असेल तर तिथं वेल्डिंग करू नका. बॅरल रिकामा दिसतो, पण आत वाफ भरलेली असते. त्यातून माणसं गेलीत. आधीच सॉकेट असलेला बॅरल मिळतो, तोच घ्या.

जुना_बुलेटवाला | मंगळवार, रात्री ९:२०

मिस्त्री, पंपवाले, दोघांचंही ऐकलं. फूटपट्टी आजच नातीच्या दप्तरात गेली. कॉकचंही पटलं.

नवीन_सभासद_पलूस | मंगळवार, रात्री ९:४५

एक शंका. सकाळी आणि दुपारी डिप घेतला तर आमच्या बॅरलमध्ये फरक येतो. तोटी तर बंद असते.

पंपावरचा_कराड | मंगळवार, रात्री १०:०२

ऊन. डिझेल तापलं की फुगतं, १० अंशांना साधारण ०.८ टक्के. पहाटे २० अंश आणि दुपारी बॅरल ४० ला गेला तर २०० लिटरवर तीन लिटरच्या पुढं फरक दिसतो. डिझेल वाढलेलं नसतं. नेहमी सकाळीच मोजा आणि बॅरलवर सावली करा. काठोकाठही भरू नका, फुगायला जागा लागते.

पोल्ट्रीवाला_विटा | रविवार, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. आज सकाळी बसून पट्टी केली, ती सांगतो.

ॲल्युमिनियमची पट्टी, पॉलिश पेपर मारून मंद केलेली, वर पितळी खिट्टी. अर्ध्या सेंटिमीटरला खाच, दर पाच सेंमीला आकडा ठोकलाय. बॅरल तोटी आटेपर्यंत रिकामा केला. शून्य आलं तीन सेंमीवर. मग स्टॅम्प असलेल्या पाच लिटरच्या मापानं ओतत गेलो. मुलगा लिहीत होता, मी पट्टी घालत होतो. २० लिटर ओतल्यावर ९.८ सेंमी, ४० ला १५, ६० ला १९.७. ओतायला एवढंच डिझेल घरात होतं. वरच्या खुणा पुढच्या वेळी बॅरल भरताना करणार.

बाई, तुमच्या आकड्यांत तोटीखालचे चार लिटर मिळवून मी पडताळलं, तर माझी पट्टी सगळीकडं थोडी कमी भरते. मापात चुकलो का?

गणिताच्या_बाई_सातारा | रविवार, दुपारी १:१०

नाही, तुमची मापं नेमकी आहेत. बॅरल नावाला २०० चा असतो, काठोकाठ त्यात जास्त मावतं. २१० धरून काढलं तर २० ला ९.८ आणि ४० ला १५ च येतात. ६० ला १९.६ येतात, तुमचे १९.७. मुलगा कितवीत आहे?

पोल्ट्रीवाला_विटा | रविवार, दुपारी १:१८

नववीत. तक्ता त्यानंच मोठ्या अक्षरात लिहिलाय आणि सर्वात वर लाल पेनानं: १५ सेंमीच्या खाली असेल तर रात्री जनरेटर लावण्याआधी डिझेल आणा.

माणदेशी_गडी | रविवार, दुपारी १:४०

पोरगं हुशार हाय. पट्टी कुठं ठेवलीया? आमची कांबी दर पावसाळ्यात कुणी ना कुणी चुलीत घालायचं.

पोल्ट्रीवाला_विटा | रविवार, दुपारी १:५२

भिंतीला अडीच इंची पाइपाचा तुकडा उभा ठोकलाय, बुडाला टोपण बसवून. पट्टी त्यात, वर डालड्याच्या डब्याचं झाकण. धूळ नाही आणि चुलीपासून लांब.